रंगूबाईंचा दिवा आणि धूमकेतू

चारुशीला मूळची कापडे गावची. लहानपणी खळ्यावर उताणी पडून ती वडिलांबरोबर सप्तर्षी शोधायची. लग्न होऊन महाडला, कारखान्यांलगतच्या नव्या कॉलनीत आली आणि तिचं आकाशच हरवलं. परसात उभं राहावं तर वर नुसता नारिंगी उजेड. तरी बीएस्सी झालेली ही बाई रोज वाळलेले कपडे काढता काढता मान वर करून उभी राही. शेजारणींना वाटे, हिची मान आखडलीय.

सत्त्याण्णवच्या गुढीपाडव्याच्या सुमारास हेल-बॉप धूमकेतू आला. आठ वर्षांच्या देवश्रीला तिने गोष्टी सांगून सांगून नादी लावलं. पण तो दिसायचा संध्याकाळी, वायव्येला, नेमका शेजारच्या रंगूबाईंच्या छपरावर. आणि रंगूबाईंच्या मागच्या दारावर दोनशे वॅटचा बल्ब.

"आई, तुझा धूमकेतू फक्त कापड्यालाच दिसतो वाटतं," देवश्री म्हणाली.

ते लागलं. हा असाच निघून गेला तर पोरगी आईच्या एकाही ताऱ्यावर विश्वास ठेवायची नाही. चारुशीला कुंपणापाशी गेली.

"रंगूबाई, दहा मिनिटं दिवा बंद करता?"

"तिन्हीसांजेला? लक्ष्मीनं काय चाचपडत यावं? आनि ता पन असला अपशकुनी शेंडेनक्षत्र बघाया? नाय गो बाय. जेवनं झाल्यावर घालवीन."

"तोवर तो मावळतो."

"मंग मी काय करू?"

"विझवू नका, जळू दे. मी नुसता आडोसा धरते."

रंगूबाई विचारात पडल्या. लक्ष्मी येणार पुढच्या दाराने, तिथला दिवा चालू होताच. त्यांनी आतून स्टूल आणलं, सूप आणलं.

चारुशीला स्टुलावर चढून भिंतीकडे तोंड करून, बल्बसमोर सूप धरून उभी राहिली. दोन्ही परसं अंधारली.

"दिसला का गं?" तिने कुंपणापलीकडे उभ्या देवश्रीला विचारलं.

"नाही."

"छपराच्या वर बघ, माडाच्या डावीकडे."

"नाही... आई, थांब. शेपटीवाला?"

चारुशीलाचे हात भरून आले होते, पण सूप हललं नाही.

"उतर गो," रंगूबाई म्हणाल्या. "तू बोलावलंस त्याला, नि भिंत काय बघतेस? आन ता सूप."

चारुशीला धावत आपल्या परसात आली. "तिकडे नाही, इकडे," म्हणत देवश्रीने तिची हनुवटी फिरवली. पुसट, पिसासारखा, पण होता.

"झाला का?" स्टुलावरून आवाज आला. "एकजनी या नि सूप धरा. मला पन बघू द्या, ह्याला एवढा कशाला घाबरतात लोक."