न उसवलेली चटई

अध्यापक विद्यालयात त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे चटईबाई. होणाऱ्या शिक्षकांना बाई आपल्या जमातीची विद्या शिकवायच्या. पाणथळीतलं गवत ओळखायचं, वाळवायचं, त्याची चटई विणायची आणि त्यातूनच मुलांना गणित नि विज्ञान कसं शिकवायचं, हा त्यांचा विषय. त्या जमातीचं माणूस अख्ख्या इमारतीत एकच, त्या स्वतः. दिवसभर बोलून घसा बसायचा, पण आपल्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघायचा नाही. बोलणार कुणाशी, फळ्याशी?

एकदा वर्गातल्या एका मुलीने जीव ओतून विणलेली चटई पुढ्यात ठेवली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि अवाक्षर न काढता निम्मी उसवून टाकली. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेजारच्या मुलाच्या चटईवर मांजरसुद्धा झोपलं नसतं, पण त्याला मात्र बाई म्हणाल्या, "छान." तो दिवसभर कॉलर ताठ करून फिरला.

प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. मूल्यमापन हा त्यांचा जीव की प्राण.

"अहो, चांगल्याला रडवता नि वाईटाला छान म्हणता? हा काय प्रकार आहे?"

"आमच्यात असंच शिकवतात, सर. ज्याच्या हाताकडून आशा असते, त्याचंच उसवायचं. जो शिकणार नाही, त्याला छान म्हणून सोडून द्यायचं. पाहुण्यांनाही छानच म्हणतात."

"मग हे वर्गात आधी सांगायचं नाही का?"

सांगायचं असतं, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना लहानपणी आत्याने वाढवलं, विणायला बसवलं आणि उसवून उसवून रडकुंडीला आणलं. त्यातूनच सगळं आपोआप कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं. मुलगी खुदकन हसली आणि छानवाल्याचं तोंड एवढंसं झालं. बाईंच्या मनात मात्र वेगळाच किडा वळवळायला लागला. शिक्षण, मग नोकरी. आत्याने आपलं शेवटचं कधी उसवलं, ते आठवेना. अजून ती आपल्याला तिच्यातली धरते का? खोलीवर एकटं बसून त्यांनी चटई विणली आणि सुट्टी लागताच बस पकडली. आत्याने एक ओळ उसवली तरी पुरे होतं.

आत्या दारातच विणत होती. भाचीला पाहून लगबगीने उठली, आतून खुर्ची आणली, हाताने पुसली. "बस गं, जमिनीवर कपडे मळतील." ती खुर्ची फक्त पाहुण्यांसाठी निघायची. बाईंनी उभ्यानेच चटई उलगडली.

आत्याचं बोट काठावरून सरकत गेलं आणि एका कोपऱ्यावर थांबलं. तिथली वीण सैल होती, बाईंना ठाऊक होतं. उसव आत्या, उसव.

बोट पुढे गेलं.

"छान झालीय," आत्या म्हणाली. घडी घालून तिने चटई वर फळीवर ठेवली, आल्यागेल्याला दाखवायला.

"आत्या, तो कोपरा सैल आहे ना?"

"असू दे गं. तुला कुठे वेळ असतो?" तिने मायेने पाठीवरून हात फिरवला. "पाणी देऊ?"

बाईंनी मान हलवली. पाणी प्यायलं, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. कितीतरी दिवसांनी आपली भाषा बोलायला मिळाली होती, पण बाईंना त्यात रस वाटेना. आत्या बसपर्यंत पोचवायला आली.

सुट्टी संपली. वर्गात त्या मुलीने पुन्हा चटई पुढे ठेवली आणि हात बांधून उभी राहिली. आता वीण घट्ट होती, फक्त एका ओळीत पाती चुकली होती. बाईंनी तिथपर्यंत सगळी उसवली. वर्ग खो खो हसला. मुलगी सगळ्यांत जोरात हसली आणि सुटलेलं गवत गोळा करून तिथेच विणायला बसली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांना त्या पोरीचा हेवा वाटला.