दंडावरची चार बोटं

कंडक्टरसाहेबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी एका गोष्टीचा ताठा काही उतरला नव्हता. बत्तीस वर्षं ते धावत्या बसमध्ये कशालाही न धरता उभे राहिले होते. ड्रायव्हर कितीही गाढवासारखा चालवो, साहेब एकदाही पडले नव्हते.

आणि गेल्या आठवड्यात मोरीत पाय धुताना साबणावरून सटकले! सुनेनं धावत येऊन दंड गच्च धरला, म्हणून डोकं नळावर आपटायचं वाचलं. आभारबिभार राहिले बाजूला, साहेब म्हणाले, "कुणाला सांगशील तर खबरदार." सून म्हणाली, "बरं."

साहेबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशी दंडावर चार बोटं उमटली, चांगली निळीजांभळी. त्यात धाकटी बहीण राहायला आली. तिची नजर म्हणजे पोलीसखातं.

"अगंबाई! दादा, किती काळंनिळं झालंय! कुणी मारलं?"

"मुका मार आहे. होतं असं," म्हणून साहेब खिडकीबाहेर बघत बसले.

बहिणीला काय समजायचं ते समजलं. दोन दिवस ती सुनेला येताजाता 'मारकुटी' म्हणत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, तू माझ्याकडे चल. पण आधी डॉक्टरकडून लेखी घेऊ."

डॉक्टरांनी आधी मनगटावरचे जुने निळे डाग पाहिले. "याला एकायमोसिस म्हणतात. गोळ्यांमुळे जरा कुठं लागलं की कातडीखाली रक्त साकळतं."

साहेबांची छाती फुगली. एवढं भारदस्त नाव आख्ख्या डेपोत कुणाच्या आजाराला नव्हतं.

"पण दंडावर बोटं आहेत," डॉक्टर म्हणाले. "कुणाची?"

सून दाराशी पिशवी धरून उभी होती. शब्द दिलेला, त्यामुळे तोंडातून ब्र नाही.

"लिहा डॉक्टर," बहीण कडाडली, "सून मारते म्हणून!"

डॉक्टरांनी खरंच पेन उचललं. साहेबांनी पुढं होऊन पेनावर हात ठेवला.

"थांबा. पडलो मी. मोरीत. हिनं धरलं म्हणून जिवंत आहे."

"मग इतके दिवस तोंडाला काय कुलूप होतं?" बहीण ओरडली.

"पडलो ना... लाज वाटली."

सुनेचे डोळे भरून आले. "पडल्याची लाज वाटली, बाबा," ती म्हणाली. "मला मारकुटी म्हणत होत्या, तेव्हा नाही वाटली?"