दौलतच्या रोलरची शिट्टी

त्या संध्याकाळी शिट्टी वाजलीच नाही. तुमसरात आमच्या राइस मिलच्या मागच्या गल्लीत दौलतचं वर्कशॉप, आणि वर्कशॉपच्या मागे अंगण ओलांडलं की त्याचं घर. दिवस कलला की दौलत शेडातल्या जुन्या रोड रोलरची पितळी शिट्टी वाजवायचा, मग हात धुऊन घराकडे निघायचा. त्या शिट्टीवर कोणी घड्याळ लावावं अशी सोय नव्हती, कारण वेळेवर ती कधीच वाजली नाही. पण वाजायची मात्र रोज. त्या दिवशी मी मिलच्या दारात उभा राहून कान लावून होतो... तेवढ्यात त्याच्या शेजारचा वेल्डर अनवाणी धावत आला. "शेठ, चला लवकर. दौलतभाऊ पडले." मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. महिना उलटून गेला, तरी माझा राग जात नाही. अरे, असं न सांगता जातात का कोणी? निदान चार शिव्या घालायची तरी सवड द्यायची!

हा रोलर दौलतकडे कसा आला, ते सांगायला हवं. दौलतचे वडील रस्त्याच्या कामावर वाफेच्या रोलरचे ड्रायव्हर होते. रस्ता जसा पुढे सरके तसा त्यांचा संसारही सरके. लाखांदूरच्या बाजूला रस्त्याकडेला त्यांची झोपडी असायची. दिवसाचं काम संपलं की वडील मुक्कामाकडे निघत आणि निघतानाच शिट्टी वाजवत. ती ऐकली की दौलतची माय चुलीवर भात टाकायची. रोलर एवढा सुस्त, की तो झोपडीपाशी येईस्तोवर भात शिजून मुरलेला असे. पुढे वडील तापाचं निमित्त होऊन गेले. रोलरही त्यांच्या मागोमाग बिघडला आणि एका तलावाच्या पाळीखाली, बांधालगतच्या गाळात पडून राहिला. मायनं लेकराला घेऊन तुमसर गाठलं, मिलमध्ये मजुरी केली, दौलतला इंजिनांच्या कामाला लावलं. रोलरचं नाव त्या घरात कोणी काढत नसे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात कळलं, की तो रोलर भंगारात निघालाय. दौलतनं जाऊन तो घेऊनही टाकला आणि मग मला सांगायला आला.

"अबे, डोकं फिरलं काय तुहं?" मी ओरडलो. "कायले पाह्यजे तुले ते लोखंड?"

"मायचा एक कान गेला, दुसराबी जाऊन राहिला," तो म्हणाला. "तो जायच्या आत तिले बाबाची शिट्टी ऐकवाची आहे."

मी ट्रेलर शोधायला निघालो. मँगनीजच्या खाणीवर ओळखीचा एक ठेकेदार होता, त्याचा मिळाला.

रोलरची चाकं गाळात अर्धीअधिक बुडालेली. आमच्या धानाच्या मुलखात चिखलातून काही ओढायचं म्हटलं की माणसाला हेलेच आठवतात, म्हणजे नांगराचे रेडे. आम्हीही गावातून चांगले धष्टपुष्ट हेले आणले, साखळदंडाला जुंपले आणि भर उन्हात 'हो... हो...' करून हाकलले. तलावात थोडं पाणी उरलं होतं, हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. हेल्यांना ते दिसलं मात्र, सगळे एका दमात उलटे फिरले, जुवासकट पाण्यात गेले आणि डोळे मिटून बसले. काय हाकता, काय मारता! दौलत पाळीवर उभा राहून आधी भांडला, मग पोट धरून हसत खाली बसला. "शेठ, रोलरच्या आधी आपले हेलेच काढा लागतेत!" म्हणाला. उन्हं उतरली, हेले मनसोक्त डुंबून वर आले, आणि मग मात्र त्यांनी असा जोर लावला की रोलर गाळ सोडून पाळीशी आला. दुसऱ्या दिवशी रेल्वेचे जुने स्लीपर लावून, चेनपुलीनं तसूतसू ओढत तो ट्रेलरवर चढवला. साकोलीवरून येताना दौलत केबिनमध्ये बसलाच नाही. रोलरच्या सीटवर बसून आला, ऊन खात, राजासारखा.

मग दोनेक वर्षं तो त्या लोखंडात शिरलेला होता. गंजलेले सांधे डिझेलमध्ये भिजवायचे, ठोकायचे, पुन्हा भिजवायचे. बॉयलरच्या नळ्या एका मोडीत काढलेल्या मिलच्या बॉयलरमधून आल्या. पहिल्यांदा पेटवायचा दिवस आला. मी नारळ घेऊन गेलो, तर म्हणतो, "फोडू नको, खाऊ नंतर. आधी पाणी भर." तुमसरात बॉयलर पेटवायचा म्हणजे धानाचा भुसा, आमच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. मी मिलमधून पोती भरभरून भुसा आणला आणि आम्ही रोलरच्या भट्टीत कोंबला. वाफ तर सोडाच, जाळी चोंदून असा धूर उसळला की गल्लीत कोणी कोणाला ओळखू येईना. माय दारात उभी. "तुहे बाबा कोळसा घालत होते," ती म्हणाली. "हा रोलर होय का भुशाची शेगडी?"

कोळसा आला, वाफ धरली, पण जीव अडकला शिट्टीत. मूळची पितळी शिट्टी कोणीतरी केव्हाच पळवली होती. दौलतनं लेथवर नवी केली. वाजवली. मायनं चांगला कान पुढे केला आणि मान हलवली. "हा तं शेठच्या मिलचा भोंगा होय." दुसरी केली, ती किरटी निघाली. तिसरीला माय काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली, आणि तिला ऐकू आलं की नाही तेच कळेना. दौलत घाबरला. दुरुस्तीला आलेली इंजिनं सोडून तो शिट्ट्याच करत बसला. जेवायचं भान नाही, माझ्याशी धड बोलणं नाही. "जमून नाही राहिली बे," एवढंच.

अशाच एका संध्याकाळी त्यानं जरा लांब नळीची शिट्टी बसवून दोरी ओढली. आवाज घोगरा, भरदार, शेवटी थोडा फाटलेला. आम्ही अंगणाकडे बघत राहिलो. माय बाहेर आली नाही. पुन्हा वाजवली. तरी नाही. दौलतनं दोरी सोडली. "गेला वाटते तोबी कान," म्हणाला आणि मटकन चाकाला टेकून बसला. त्याला उठवून घरात नेलं, तर माय चुलीपुढे. चुलीवर पातेलं, पातेल्यात भात रटरटत होता. आमच्याकडे न बघताच म्हणाली, "आले का? पाय धुऊन घ्या."

दौलत ढसाढसा रडला, आणि मीही रडलो, यात लाजायचं काय?

माय दोन-तीन वर्षांनी गेली. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर आला तेव्हा दौलतनं रोलरची शिट्टी त्याला जोडली. हवेवर तिचा आवाज थोडा पातळ येतो, पण आहे तोच. आता ती ऐकून दौलतची बायको, आमच्या सुमनवहिनी, भात टाकायला लागल्या. दौलत शिट्टी वाजवून अंगणातल्या प्रत्येकाशी बोलत, बकरीलाही चार शब्द सुनावत घरी पोचायचा. वहिनी म्हणायच्या, यांच्यापेक्षा रोलर बरा!

परवा वहिनींकडे गेलो होतो. फार वाळल्या आहेत. मुलगा भिलाईला नोकरीत, तो चार दिवस राहून परत गेला. जेवता ना, विचारलं, तर म्हणाल्या, "खातो न एखादी पोळी."

"आणि भात?"

"भाताले हातच वळत नाही, भाऊजी. शिट्टी वाजली नाही तं टाकू केव्हा?"

धानाच्या मुलखातली बाई महिनाभर भाताशिवाय! उठून शेडात आलो. रोलरवर धूळ बसली होती, सीटवर त्याचं ते कळकट फडकं तसंच. कॉम्प्रेसर चालू केला. दौलतला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी घातली आणि दोरी ओढली.

घोगरा आवाज गल्लीभर गेला. बराच वेळ काहीच नाही. आणि मग घरातून पातेल्यात पाणी ओतल्याचा, तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

मी कॉम्प्रेसर बंद केला, नळावर हात धुतले, आणि अंगणातून, रोलर चालायचा तितक्याच सावकाश, घराकडे निघालो.