शिकारीत रमणारा माणूस

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी ताम्हिणीच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले. जिथे खोली घेतली, तिथल्या घरमालकांना शिकारीची भारी हौस. भात निसवून लोंब्या आल्या की रानडुकरं शेतं तुडवत, म्हणून शिकार करावी लागते, हे मला समजत होतं. समजत नव्हता तो त्यांचा आनंद. डुक्कर पडलं की ते खिदळत घरी येत आणि अख्खी हकिगत दोन-दोनदा सांगत. जीव घेताना ज्याला मजा येते त्याच्या मनात दया कुठून असणार, असं माझं तेव्हाचं सरळ गणित. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे.

दुसऱ्या पावसाळ्यात मला सातवा महिना होता. नवरा पुण्यात नोकरीला. एका सकाळी शाळेच्या पायरीवरून घसरले आणि रक्त जाऊ लागलं. दरड पडून रस्ता बंद झालेला. घरमालकांनी शिकारीतले चार गडी जमवले, घोंगडीची झोळी केली आणि मला रानातून पलीकडे काढलं. डुकरांच्या मागे धावून ती वाट त्यांना पाठ झाली होती.

"बाई, डोळं मिटू नगा. बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"मला शिव्या द्या. लई साठल्यात मनात, ठावं हाय मला."

रडता रडता मला हसू फुटलं.

दरडीपलीकडे एक ट्रक मिळाला, त्यातून पौडचा दवाखाना गाठला. नर्सनं सलाईनची सुई हातात घेतली मात्र, हे गृहस्थ घामाघूम होऊन भिंतीला टेकून मटकन खाली बसले. मला बरं वाटेपर्यंत दोन दिवस तिथून हलले नाहीत. पोटातलं बाळ वाचलं.

पुढे एकदा मी धीर करून विचारलं, "जनावर मारताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. आन् मजाबी येती. दोनी खरं हाय. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

शिकार मला आजही आवडत नाही. त्या मजेवरून माणसाविषयी काहीच कळत नाही, असंही मी म्हणणार नाही. पण तेवढ्यावरून सगळा माणूस कळला असं मी धरून चालले होते.

मुलीच्या बारशाला ते बायकोला घेऊन पुण्यात आले. मी पायांना हात लावायला वाकले, तर लाजून मागे सरले. "आवं बाई, ह्ये काय करतासा?"

"राहू द्या," मी म्हटलं, "एवढं करू द्या मला."