भिंतीकडची जागा

नायगावच्या बीडीडी चाळीत कमलाबाईंच्या सुनेचा विषय निघाला की बायका म्हणायच्या, "ती बँकेतली ना? पोरगी गोड आहे हो, पण हल्ली जरा हवेत असते." हवेत कसली डोंबलाची! संघमित्रा बिचारी जमिनीवरच होती, तीही पाय जुळवून, जपून उभी. मनवा झाल्यापासून, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षापासून, तिला मोकळेपणी हसायचीसुद्धा भीती वाटायची. शिंक आली, खोकला आला, पोरीला झटकन उचललं, की लघवीचे थेंब कपड्यांत. कधी थेंबांवर भागायचंही नाही.

वय अवघं सत्तावीस. या वयात असलं दुखणं सांगायचं कुणाला? नवऱ्याला, संघर्षला, सांगावं म्हणून ती तोंड उघडायची आणि बाहेर पडायचं ते "दूध संपलंय" एवढंच. एकदा धीर करून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. "डॉक्टर, खोकला आला की..." इतकं बोलली आणि पुढचं घशातच अडकलं. पडद्यापलीकडे कंपाउंडर, बाकावर सगळी चाळीतलीच माणसं. डॉक्टरांनी छाती तपासली नि खोकल्याचं औषध लिहून दिलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, इथे डॉक्टर परका असूनही तीच गत. आणि घरी येऊन संघमित्राने ते औषध प्यायलंसुद्धा, बोला!

मग तिने आपले आपण उपाय काढले. ऑफिसात पाणी प्यायचं बंद केलं. गॅलरीच्या टोकाचा संडास रिकामा दिसला की लागो न लागो, जाऊन यायचं. आणि कपडे काळे, मरून, गडद निळे. फिक्या रंगाला हात लावायचा नाही.

माशी शिंकली ती इथेच. चौदा एप्रिलला विहारात सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत, आणि महिला मंडळाच्या सेक्रेटरीची सून मरून ड्रेसमध्ये! कमलाबाईंच्या लेखी पांढरं नेसणं ही काही गंमत नव्हती. त्यांची सासू गिरणीत खपायची, वर्ष दोन लुगड्यांवर काढायची, पण त्या दिवसाचं पांढरं पातळ घडी करून वेगळं ठेवायची. कमलाबाई चारचौघांत काही बोलल्या नाहीत. नेहमीसारख्या मागे, दाराजवळ भिंतीला टेकून बसल्या आणि तिथूनच खड्या आवाजात वंदना म्हटली. सेक्रेटरी असून बाई कधी पुढे बसत नाहीत, याचं सगळ्या चाळीला कौतुक होतं. संघमित्रालाही होतं.

घरी आल्यावर मात्र पट्टा सुटला. "एसीत बसलं की माणसाला आपलं पांढरं डाचायला लागतं. शिकवलं म्हणून पोरं मोठी होतात, आणि मग आपल्याच माणसांत मिसळायची लाज वाटते त्यांना."

संघमित्राच्या काळजाला घरं पडली. लहानपणी याच दिवशी पांढरा फ्रॉक घालून स्टेजवर भाषण ठोकणारी पोरगी ती. तिलाच हे ऐकायला लागावं? पण खरं सांगायचं म्हणजे ते दुखणंच सांगायचं आलं. तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि मनवाला भरवायला घेतलं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी कमलाबाईंनी तिच्यापुढे कोरी पांढरी साडी ठेवली. निळ्या काठाची, दादरहून स्वतः जाऊन आणलेली.

"मित्रा, हे उद्या नेसायचं. नेसायचं नसेल तर विहारात येऊ नकोस."

संघमित्रा साडीवरून हात फिरवत राहिली आणि एकदम तिचा बांध फुटला. "आई, मला पांढऱ्याची लाज नाही वाटत हो. मला माझीच लाज वाटते. मला लघवी धरवत नाही. वंदनेला उठता-बसता कपडे ओले होतात. पांढऱ्यावर दिसलं तर मी कुठे जाऊ?"

कमलाबाई उठल्या, कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि आपल्या साड्यांच्या तळातून एक गठ्ठा काढून सुनेच्या मांडीवर ठेवला. जुन्या सुती साड्यांची फडकी होती ती. धुतलेली, मऊ, एकसारख्या घड्या घातलेली.

"संघर्षच्या वेळेपासून वापरते," त्या म्हणाल्या. "मी भिंतीला दाराशी का बसते, असं वाटतं तुला? साधी म्हणून? कुणाच्या ध्यानात न येता उठून जाता यावं म्हणून गं. माझ्या आईला सांगितलं होतं तेव्हा. ती म्हणाली, बाईच्या जातीला हे असायचंच. मी तेच खरं धरलं आणि जन्मभर अंगावर काढलं. आणि तुला एसीवरून बोलले! जळो माझी जीभ." त्यांनी सुनेचं डोकं छातीशी घेतलं. "तू नाही काढायचं अंगावर. आपण परळला जायचं."

दुसऱ्या दिवशी वंदनेला संघमित्रा गडद निळ्यात गेली, सासूशेजारी भिंतीला टेकून बसली. त्याच आठवड्यात दोघी परळच्या मोठ्या इस्पितळात. डॉक्टरीणबाईंपुढे संघमित्राने सुरुवात केली, "मला खोकला..."

"खोकल्याचं राहू दे," कमलाबाई कडाडल्या. "हिची लघवी गळते. लिहा."

तपासणी झाली, लघवीची, साखरेची चाचणी झाली. जंतुसंसर्ग नव्हता. व्यायाम शिकवायला त्यांना तिथल्याच फिजिओथेरपीच्या दीपिकामॅडमकडे पाठवलं. मॅडम तरुण, पण बोलणं सावकाश. "बाळंतपणात लघवीची पिशवी तोलून धरणारे स्नायू सैल पडतात. ते परत घट्ट करता येतात. वारा सरायला आला आणि समोर पाहुणे असले की आपण कसं आवळून धरतो? तसं आतून वर ओढायचं, धरायचं, सावकाश सोडायचं. श्वास रोखायचा नाही. शिंक यायच्या आधी, पोरीला उचलायच्या आधी असंच आवळायचं. पाणी तोडू नका, त्याने उलट घाई वाढते. आणि लागलेली नसताना सारखं जाऊन येऊ नका. पिशवीला तीच सवय लागते."

"अहो मॅडम," कमलाबाई म्हणाल्या, "रिकामा संडास दिसला आणि सोडला, असा चाळकरी मला दाखवा."

मॅडम हसल्या. "तीन महिने नेमाने करा. नाहीच फरक पडला तर पुढेही उपाय आहेत."

"मॅडम, आईंनाही आहे," संघमित्रा पटकन बोलून गेली.

"माझं काय आता, माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या."

"वय किती, आजी?"

"एकसष्ट."

"मग पुष्कळ वेळ आहे. तुमचाही केसपेपर काढून आणा."

त्या दिवसापासून घरात नवीनच कारभार सुरू झाला. तांदूळ निवडता निवडता कमलाबाई हुकूम सोडायच्या, "धर... धर... हं, सोड." संघर्ष बावचळून दोघींकडे बघायचा. शेवटी संघमित्राने त्यालाही सांगून टाकलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "मला का नाही गं सांगितलंस?" त्याचा चेहरा इतका पडला की तिलाच त्याची समजूत घालावी लागली. तोपर्यंत मनवा चालायची ती पळायला लागली होती, तिला उचलून आणायचं काम त्याने आपणहून घेतलं. पाऊस सरेपर्यंत संघमित्राचं बरंच आटोक्यात आलं. कधीमधी फसायचं, पण ती पोट धरून हसायला लागली होती. कमलाबाईंचं सावकाश चाललं होतं, पण चाललं होतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला संघमित्राने निळ्या काठाची ती साडी नेसली. आत पॅड लावला होता, खोटं कशाला बोला. निऱ्या सासूने धरून दिल्या. विहारात शिरल्यावर कमलाबाई भिंतीकडची जागा ओलांडून थेट पुढे गेल्या आणि सुनेला शेजारी घेऊन बसल्या. चार डोकी वळली.

वंदना झाली. "साधू, साधू, साधू" झालं. कमलाबाई उभ्या राहिल्या. "पुरुष मंडळींनी जरा बाहेर चहा घ्यावा." पुरुष गेले.

"बायांनो, संघर्ष झाल्यापासून मी त्या भिंतीला बसले. तुम्ही म्हणालात, बाई साधी. मी साधी नव्हते, मी ओली होते. मला लघवी सांभाळता येत नव्हती. त्याला उपाय आहे, परळला. माझ्या सुनेने मला नेलं. कुणाला असेल तर अंगावर काढू नका."

संघमित्रा सासूकडे बघत राहिली. बाईंनी सगळी लाज आपल्या पदरात घेतली होती, सुनेच्या साडीवर एक शिंतोडा उडू दिला नव्हता. तिचे डोळे भरून आले, ते पुसायला तिने मान वळवली आणि तिला भिंतीकडच्या जागेवर प्रिती दिसली. तिसऱ्या मजल्यावरची, कॉलेजात जाणारी, लग्नसुद्धा न झालेली. काळी ओढणी मांडीवर घट्ट धरून खाली बघत बसलेली.

संघमित्रा उठली, सगळ्यांच्या मधून चालत मागे गेली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.

"कधी असते गं ताई ओपीडी?" प्रितीने ओठांतल्या ओठांत विचारलं.

"मंगळवारी. मी येते ना सोबत, मलाही तिथेच दाखवायचं असतं," संघमित्रा म्हणाली, आणि सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.