काकाने पुसलेली काच

आमचा काका उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायचा. दोरावर लटकलेला असतानाही त्याचा अर्धा जीव पाखरांत. कुठल्या गच्चीवर घारीने घरटं केलंय, कुठल्या तारेवर खंड्या बसतो, हे जेवताना सांगत बसायचा. काकू वैतागून म्हणायची, "कधी घरातल्या माणसांकडेही बघा."

कामाला मात्र नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. त्याने पुसल्यावर मध्ये काच आहे हेच कळत नसे. याचा त्याला कोण अभिमान.

एकदा अर्धी इमारत पुसून झाली आणि राहिलेली बाजू उरकायला तो दुसऱ्या दिवशी सकाळीच गेला. खाली झाडूवाली मावशी कचऱ्याची पिशवी बांधत होती. पिशवीतून एक हिरवा पंख बाहेर आला होता. काकाने ती उघडली. आत अकरा पाखरं होती, सगळी माना मोडलेली.

"रोज एवढी?" त्याने कसंबसं विचारलं.

"रोज कुठली," मावशी गाठ मारत म्हणाली. "काचा मळलेल्या असल्या की एखादंच आपटतं. एवढी मिळतात ती तुम्ही पुसून गेलात की."