प्रवासाहून परतलेल्या अक्का

अक्का रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, भाषा बदलत असे. एरवी घरात मराठी बोलणाऱ्या अक्का हातातलं काम खाली ठेवत आणि कानडीत एकच शब्द म्हणत, "साकु." म्हणजे पुरे. मग त्या विषयावर त्यांच्याशी बोलून उपयोग नसे. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. कर्नाटकातल्या आळंदला आमचं तुरीचं अडत दुकान. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, उलटून बोलायची घरात रीत नव्हती. पाण्याचा तांब्यासुद्धा ते बसल्या जागेवरून मागत.

दुकान माझ्या नवऱ्याच्या हाती दिल्यावर अप्पांना मोबाइलवर व्हिडिओ बघायचा नाद लागला. त्यात एक जोडपं गाडीतच संसार मांडून देशभर हिंडत होतं. अप्पांनी जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली आणि दिवाळीनंतर अक्कांना घेऊन निघाले. निघताना अक्का हळूच मला म्हणाल्या, "इथं चूल, तिथंबी चूल. नुसती चाकं लागलीत."

केरळात अक्का तापाने पडल्या. दोन घास शिजवायला गाडीत दुसरं कुणी नव्हतं. अक्का पडल्या पडल्या सांगायच्या आणि अप्पा करायचे. पहिला भात करपला, दुसरा गिचका झाला, तिसरा जमला. ताप उतरल्यावरही अप्पांनी शेगडी सोडली नाही. अक्का पुढच्या सीटवर बसून मोबाइलवर रस्ता बघायला शिकल्या. त्यांचा फोन आला की मी हातातलं काम टाकून ऐकत बसायची. "आज ह्यांनी भेंडी केली. मीठ लई झालं. मी गप खाल्ले," असं सांगून त्या हसायच्या. अक्कांचं तसं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला दोघं परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचे बाजारातले मित्र ओसरीवर जमले. अप्पांनी आत बघून चहा सांगितला आणि प्रवासाच्या गोष्टी रंगवायला घेतल्या. हिला नुसतं बसवून सगळा देश दाखवून आणलो, म्हणाले. स्वयंपाकाचं कसं, असं कुणीतरी विचारलं.

"तिनंच की," अप्पा म्हणाले. "मी काय शेगडीपाशी बसू?"

सगळे हसले. अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या, ट्रे ओट्यावर ठेवला. शेवटी चहा मी नेऊन दिला.

मित्र गेल्यावर अक्का ओसरीवर गेल्या. खोटं का सांगितलंत, असं त्यांनी विचारलं. मी आतून ऐकत होते.

"मग काय सांगू?" अप्पा म्हणाले. "चार माणसांत हसं करून घेऊ?"

"तुमच्या हातचं खाऊन मी बरी झाले. त्याचं हसं होतंय व्हय?"

अप्पा म्हणाले, आता घरी आलो आहोत, तिकडचं तिकडं राहू दे. अक्का म्हणाल्या, "साकु."

भांडण एवढंच. अक्का दोन वेळचा स्वयंपाक करत राहिल्या, पण अप्पांशी बोलणं बंद. पुढे एके दिवशी अप्पांनी कुणालाही न विचारता गाडी विकली. उभी राहून गंजत होती, हे त्यांचं कारण. गाडीतलं अंथरूण आणि भांडी पोत्यात भरून अंगणात टाकलेली अक्कांना दिसली. त्यांनी ते पोतं उचललं, दोन लुगडी घेतली आणि मुडबीला आपल्या विधवा बहिणीकडे निघून गेल्या. माझा नवरा म्हणाला, आठ दिवसांत येतील.

अप्पा न्यायला गेले तेव्हा अक्कांनी एकच अट घातली. ओसरीवर त्याच माणसांना बोलवा आणि खरं सांगा, मी येते. बाईचं डोकं फिरलंय, असं म्हणत अप्पा एकटेच परतले.

मी भेटायला जायची. अक्का बहिणीच्या शेतात तूर खुरपत असायच्या. एकदा म्हणाल्या, "शेगडीपाशी बसायला मला कधी कमीपणा वाटला न्हाई गं. रस्त्यावर आमी दोघं होतो. उंबऱ्याच्या आत पाय पडला आन् हे त्यांच्या बापासारखं बोलायले."

अक्का मुडबीतच वारल्या. गेल्या वर्षी, छातीत कळ येऊन. भेटायला आलेली माणसं आमच्या ओसरीवर बसली होती, त्यात तेच जुने मित्र. अप्पा डोळे पुसत सांगत होते की, तिला मी सगळा देश दाखवलो. माझ्याने राहवलं नाही. मी दारात येऊन विचारलं, "अप्पा, गाडीत सैपाक कोण करायचं, ते सांगा की ह्यांना."

नवऱ्याने मला डोळ्यांनी दटावलं. अप्पा खाली बघत म्हणाले, "मी करायचो. ती पुढं बसून रस्ता सांगायची."

कुणीही हसलं नाही. एकाने मान हलवली. दुसरा तर म्हणाला, लई चांगलं केलात अप्पा, असं कोण करतंय आजकाल. अप्पांना बरं वाटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी आत गेले. लोकांना वाटतं, सासूच्या आठवणीने मला रडू येतं. मला रडू येत नाही. एवढं सोपं होतं ते, याचा राग येतो.